आत काच आहे

जानेवारीची दोन तारीख नेहमी अशीच.
आदल्या पहाटेपर्यंत सगळं वाल्पाराइसो
बंदरावरचं दारूकाम बघत पितं,
मग बाटल्या टेकड्यांवरून खाली यायला लागतात
काळ्या पिशव्यांतून, बटाट्याच्या सालींबरोबर, गुपचूप.

माझ्या टेबलावर एवारिस्तो हुआइकिलचा उजवा तळवा.
"मांडीला लागू नये म्हणून पिशवी लांब धरली," म्हणाला,
"तर हातात आली."
खिशातून हातमोजा काढून दाखवला.
सुती. महिन्याला एक जोडी.
करंगळीपाशी आधीच कुणीतरी निळ्या दोऱ्यानं शिवलेला.

सोळा वर्षं मी हेच काढते आहे.
आता रंगावरून कळतं:
हिरवी वाइनची, तपकिरी बिअरची,
पापुद्र्यासारखी पातळ ती दिव्याची.
ती सगळ्यात वाईट. दिसत नाही,
आणि माणूस आठवडाभर म्हणत राहतो,
काहीतरी काचतंय.

एवारिस्तोची हिरवी होती.
बशीत पडताना 'टिक्' वाजली.
"करंगळी वाकव," मी म्हटलं.
त्यानं वाकवली.
म्हणजे, वाकवली असं त्याला वाटलं.
आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो,
हाक मारूनही न वळलेल्या पोराकडे बघावं तसे.

अर्जात रकाना आहे: इजेचं कारण.
छापील पर्याय तीन.
कामगाराचा निष्काळजीपणा. यंत्रातला बिघाड. दैवी आपत्ती.
पाहुणे गेल्यावर ग्लासांचे तुकडे सुपलीत भरून
पिशवीत ओतणाऱ्याला
रकाना नाही.
ठेकेदाराचा माणूस दारात उभा होता, घड्याळ बघत.
हातावर पोट असलेल्याचा हात माझ्यासमोर उघडा पडलेला,
आणि यानं आपले दोन्ही, धडधाकट, झटकले.

ते तुकडे पिवळ्या डब्यात टाकायचा नियम आहे.
मी टाकत नाही. धुऊन घरी आणते.
आलुबुखारच्या मुरंब्याची एक बरणी, खिडकीत.
का, ते विचारू नका. नवऱ्यानं विचारलं,
मग विचारायचं सोडलं.
दुपारी ऊन आलं की भिंतीवर हिरवं काही हलतं.
त्याला सुंदर म्हणायची मला लाज वाटते.

मार्चमध्ये मांजरानं ती पाडली.

रात्री साडेअकराला गुडघ्यांवर बसले.
फरशीभर सोळा वर्षं.
बरणीचे तुकडे कुठले
आणि माणसांतून निघालेले कुठले,
मला वेगळं करता येईना.
मला, जी रंगावरून ओळखते.

मोठे हातानं उचलले. बारीक
शिळ्या पावाच्या गरानं टिपले, आईनं शिकवलेलं.
दुधाचा पुठ्ठ्याचा खोका, वर्तमानपत्राचे तीन पदर, चिकटपट्टी.
वर जाड शाईनं लिहिलं: आत काच आहे.
खाली लिहिलं: सांभाळून.
मग वाटलं, पहाटे पाचला
धावत्या ट्रकमागे पळणारा कधी वाचणार हे?

म्हणून पायऱ्या उतरून गेले. एकशे बारा.
मागच्या फळीवर तोच उभा होता.
खोका डाव्या हातानं घेतला, उजवा खालून लावला,
करंगळी ताठ बाहेर,
उंची कपातून चहा पिणाऱ्या बायकांसारखी.
कानाशी हलवून बघितलं.
"आवाज नाही," म्हणाला. "छान बांधलंय, बाई."
मला ओळखलं नाही.
मास्कशिवाय कोण ओळखतं मला?

खोका त्यानं जबड्यात फेकला नाही,
कडेला ठेवला.
मग पुढच्या दारातली पिशवी उचलली, गाठीजवळ धरून,
अंगापासून लांब.
तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं.